पुडीवरचं चित्र, पांदणीतला निंब

पुलगाव स्टेशनवर बाबा माझ्या बॅगेवर बसले होते. बाकडी रिकामी होती, तरी बॅगेवरच. जणू ते उठल्याशिवाय मला जाता येणार नव्हतं. आईने ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी आणि वाळलेल्या मिरच्या वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून दिल्या होत्या आणि ती घरीच थांबली होती. स्टेशनवर रडलेलं लोक पाहतात, असं तिचं म्हणणं. धाकटा भाऊ विलास पाण्याची बाटली आणायला गेला, तेव्हा बाबांनी विचारलं,

"तिथं राज कोनाचं हाय म्हन्ला तू?"

"कम्युनिस्ट पार्टीचं, बाबा. एकच पार्टी हाय."

"म्हंजे वावर सरकारचं?"

"कागदावर तं सगळ्या जनतेचं."

"अन् तू जाऊन राह्यला थे गिरणी?"

"थे मालकाची."

बाबांनी रुळांकडे पाहिलं. "वावर जनतेचं अन् गिरणी मालकाची. हे कसं काय जमवलं बापा त्याईनं?"

तेवढ्यात गाडी आली. बाबा बॅगेवरून उठले आणि जन्मभर भाजीपाला पिकवलेल्या माणसाने द्यावा तसाच सल्ला त्यांनी दिला. "बियाण्याच्या पुडीवर चित्र सगळ्याईचंच चांगलं रायते. उगवलं काय, थे पाह्यजो."

तुम्ही जे गावी आहात, आणि जे माझ्यासारखे कुठे ना कुठे जाऊन बसले आहेत, त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. आमचं गाव आर्वी तालुक्यात, रोहण्याच्या अलीकडे. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचून कोणी कोणाला चिडवू नये. वांगी, मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून बाजाराला नेणाऱ्यांचं हे गाव. मी व्हिएतनामच्या दक्षिण भागात एका सूतगिरणीत आहे. जवळचं मोठं शहर म्हणजे सायगॉन. त्याचं सरकारी नाव वेगळं आहे आणि कागदावर तेच लिहावं लागतं, पण बसवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे सायगॉनच म्हणतात. या देशाची पहिली ओळख मला इथे झाली. एक नाव लिहायचं, एक बोलायचं, आणि दोन्हींत कोणाला काही अडचण वाटत नाही.

गिरणीत मी क्वालिटीच्या लॅबमध्ये काम करतो. सुताच्या कोनवर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर, एक आकडा छापलेला असतो. तीस म्हणजे तीस काउंटचं सूत; काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप. पण यंत्रावरून उतरलेलं सूत कधीच नेमकं तीस नसतं. म्हणून आम्ही ठरावीक लांबीची लडी गुंडाळतो, तोलतो आणि खरा काउंट काढतो. थोडा फरक आला तर माल पुढे जातो. फरक वाढला तर यंत्र थांबवून कारण शोधायचं. या कामात माझे केस पिकले, त्यामुळे कुठलीही पाटी दिसली की खाली प्रत्यक्षात काय आहे हे पाहायची सवय लागून गेली आहे. शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, या सवयीचा कंटाळा येतो. मिठाच्या पाकिटाचंही वजन करता, म्हणते.

देशाचंही मी तसंच करू लागलो. इथे कुठलाही सरकारी अर्ज घ्या, वर देशाचं नाव असतं, त्यात समाजवादी हा शब्द असतो, आणि खाली तीन शब्दांचं घोषवाक्य. स्वातंत्र्य, मुक्ती, सुख. नळाच्या जोडणीचा अर्ज असला तरी वर सुख लिहिलेलं. त्याखाली प्रत्यक्षात काय दिसतं? प्रत्येक घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान. सरकारी शाळेतही पालकांकडून हे ना ते शुल्क. जमीन सगळ्या जनतेची, माणसाला फक्त ती वापरण्याचा हक्क. पण तो हक्क विकून देणाऱ्या दलालांच्या पाट्या आमच्याकडच्या प्लॉटवाल्यांपेक्षा मोठ्या. कामगारांचं राज्य, आणि आमच्या गिरणीत कामगार संघटनेचे अध्यक्ष कोण, तर कंपनीचेच कर्मचारी अधिकारी. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलो होतो. नंतर हेही पाहिलं की त्यांच्या नव्या वर्षाआधी बोनस कमी पडतो असं वाटलं, तर कोणी न सांगता कामगार यंत्रं बंद करून अंगणात जाऊन बसतात, आणि मालक धावत येतो. संघटना कागदावर आणि संप अंगणात. सरकारबद्दल कॉफीच्या टपरीवर कुठवर बोलायचं, हे मात्र सगळ्यांना न शिकवता ठाऊक असतं. त्यापुढे कोणी जात नाही. ते मोजायला माझ्याकडे काटा नाही.

आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहतो त्या म्हातारीला सगळे बा हाय म्हणतात. बा म्हणजे आजी, हाय म्हणजे दोन. दक्षिणेकडे घरातल्या पहिल्या अपत्याला दोन नंबर म्हणतात, एक नंबर रिकामा ठेवतात. मला हा हिशेब फार आवडला. बा हाय घरासमोर कॉफी विकते. गल्लीतल्या सरकारी भोंग्याने सांगितलं की झेंडा लावते, आणि झेंड्याच्या सावलीत खुर्च्या मांडते. निवडणुकीच्या दिवशी ती नवी साडी नेसावी तसे रेशमी कपडे घालून निघाली आणि मुलाची, सुनेची आणि स्वतःची अशी सगळी मतं टाकून आली.

मी माझ्या मोडक्या व्हिएतनामीत विचारलं, "सुनेचं मत तुम्ही कसं टाकलं?"

"ती झोपली होती," बा हाय म्हणाली. "एका घरातून किती जणांनी पायपीट करायची?"

मग तिने माझ्या देशाबद्दल विचारलं. मी खुर्ची पुढे ओढून सांगू लागलो. आमच्याकडे पुष्कळ पक्ष आहेत. आमच्या राज्यात पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. गावाचा कारभार ग्रामसभा ठरवते, तिथे प्रत्येक मतदार बोलू शकतो. आमच्या जिल्ह्यात आश्रम आहे, म्हणून दारूबंदीसुद्धा आहे.

"मग तुमच्याकडे कोणी पीत नाही?" तिच्या मुलाने विचारलं.

इथे मला हसू आलं आणि त्यालाही सगळं समजलं. पण बा हाय बायकांच्या जागांवरच अडकली होती. तेव्हा मी अभिमानाने म्हणालो, "माझ्या धाकट्या भावाची बायको सरपंच आहे."

"म्हणजे ती तुमच्या भावाला हुकूम देते?"

"हो," मी म्हणालो.

लॅबमध्ये लडी न तोलता मी कधी आकडा लिहिला नसता. इथे लिहून मोकळा झालो.

त्या हिवाळ्यात मी सुट्टीवर एकटाच गावी गेलो. बाबा जाऊन काही वर्षं झाली होती, त्यांच्या मागे आईही गेली. घरात विलास, त्याची बायको वनिता आणि सावंगीला नर्सिंग शिकणारी त्यांची मुलगी धनश्री. ती सुट्टीत घरी होती. वनिता लग्न होऊन आली त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण ती माझ्याशी एक वाक्य समोरासमोर बोललेली नाही. यात भांडण काही नाही. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. भासऱ्यासमोर आमच्याकडे बाई डोक्यावर पदर घेते, खुर्चीवर बसत नाही, थेट बोलत नाही. मला भूक लागली का, हे ती भिंतीला विचारते किंवा मुलीला. "धनश्री, मोठेबाबाले म्हन, पान वाढलं." तिने वाढलेल्या पानात माझ्या आवडीचा मिरचीचा ठेचा न सांगता येतो. बाबांच्या शेवटच्या आजारात त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं सगळं तिनेच केलं. एवढी माया, आणि बोलणं भिंतीशी.

एका संध्याकाळी जेवताना मी बा हायची गोष्ट सांगितली. विलास पोट धरून हसला.

"म्हंजे बुढी एकटीच जाते अन् साऱ्याईचं मत टाकून येते? अन् याले निवडनूक म्हन्तेत? दादा, आपल्याकडं असं कराले गेलं तं लोक जोड्यानं मारतीन!"

धनश्री ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, आईचा शिक्का कुठी हाय?"

विलासचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. शिक्का तिथेच होता.

"तू जेव मुकाट्यानं," तो म्हणाला, पण त्यालाही हसू आलं. "दादा, तहसीलमध्ये तिले कोन ओयखते? मी धावून राह्यलो म्हनून काम होऊन राह्यले." ते खरंही होतं. तो रात्रंदिवस पंचायतीच्या कामाला फिरायचा. लोक त्याला सरपंचसाहेब म्हणत. वनिता पोळी लाटता लाटता हात पुसून सही करायची. मला बा हायच्या सुनेची आठवण झाली. फरक एवढाच की ही झोपलेली नव्हती. स्वयंपाकघराच्या दारातून भिंतीला उद्देशून आवाज आला, "धनश्री, बाबाले म्हन, सभेत पांदण पयले घ्या म्हनाव. कमान मंग."

पांदण म्हणजे गावातून भाजीच्या वावरांकडे जाणारी वाट. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल होतो, छोटा टेम्पो आत जात नाही, आणि बायका भरलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन मुख्य रस्त्यापर्यंत येतात. मागच्या पावसाळ्यात त्या चिखलात एक पोटुशी बाई पडली. ती वाचली. तेव्हापासून वनिताला दुसरं काही नको होतं. विलासला आणि इतर सदस्यांना गावाच्या तोंडाशी स्वागत कमान हवी होती, वर सगळ्यांची नावं. पैसे एकाच कामाला पुरणार होते.

ग्रामसभेची आमची रीत सांगतो. पहिली सभा तहकूब होण्यासाठीच बोलावतात. तिला कोणी येत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं की गणपूर्ती झाली नाही की दुसरी तारीख पडते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. कायद्याने ग्रामसभा मोठी, पण खरी सभा ती दुसरी, दहा-बारा जणांची. यंदा मात्र वरून सूचना होती की सरपंच महिला असेल तर तिनेच खुर्चीवर बसून सभा चालवायची. शिवाय पांदणीचं काम निघणार असं कळल्याने टोपल्यावाल्या बायका आल्या होत्या, सतरंजी भरली होती. हे सगळं मला नंतर कळलं. मी फक्त उत्सुकतेने गेलो. बा हायला जे सांगून आलो होतो, ते डोळ्यांनी पाहावं म्हणून.

दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा वनिता टेबलामागच्या खुर्चीवर बसलेली दिसली. समोर पाण्याचा ग्लास. ती बायकांना काहीतरी सांगत होती आणि आवाज मोकळा होता. इतक्या वर्षांत तो आवाज मी ऐकलाच नव्हता.

मला पाहताच ती उठली. पदर डोक्यावर आला आणि ती भिंतीला लागून उभी राहिली.

"या, या, परदेशातले पाव्हने!" कोणीतरी माझ्यासाठी टेबलाशेजारी खुर्ची सरकवली. मी बसलो. खरंच बसलो, काही न समजता. सरपंचाची खुर्ची रिकामी दिसली म्हणून विलास सवयीने तिच्यावर जाऊन बसला आणि त्याने विषय वाचायला सुरुवात केली. "विषय पयला, स्वागत कमान."

भिंतीकडून बारीक आवाज आला, "पांदण पयले."

"पांदण कुठून काढता बाई?" नामदेवकाका म्हणाले. त्यांचं वावर आमच्या पलीकडे, आणि जीभ साऱ्या गावाच्या पुढे. "पांदणीत तुमच्या भासऱ्याचा धुरा हाय, अन् धुऱ्यावर तुमच्या सासऱ्याचा निंब हाय. बसले ना समोर, विचारा त्याईले!"

सभा हसली. काकांना उत्तर माहीत होतं. भासऱ्याला ती काय विचारणार!

धुरा म्हणजे वावराचा बांध. दर वर्षी वखराचा एकेक तास, म्हणजे एकेक ओळ, पुढे सरकतो आणि बांध वाटेत येत जातो. पांदणीच्या दोन्ही बाजूंना सगळ्यांनीच ते केलेलं होतं, नामदेवकाकांनीही. पण वाटणीत ते वावर माझ्या नावावर आलं होतं, आणि त्या बांधावरचा निंब बाबांनी लावलेला. त्याखाली बसून ते मेथीच्या जुड्या बांधायचे. आमचा धुरा हलल्याशिवाय दुसरा कोणी आपला हलवणार नव्हता, हे सगळ्यांना कळत होतं. बायका वनिताकडे बघत होत्या. ती जमिनीकडे बघत होती. पदराचं टोक तिने दातात धरलं होतं.

आणि मी मोजायला आलेला माणूस, वजनाच्या काट्यावरच पाय ठेवून बसलो होतो.

मी उठलो आणि मागे जाऊन सतरंजीवर बसलो. मांडी घालताना गुडघे वाजले, त्यावरही कोणीतरी हसलं.

"विलास, ऊठ," मी म्हणालो. "सरपंचबाई, मी इथं भासरा म्हनून नाई आलो. त्या वावराचा खातेदार हाओ. खुर्चीवर बसा अन् जे विचाराचं थे मले विचारा."

विलास उठला. मला वाटलं, रागावला. मग त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याने खुर्ची पुसली. "बसा सरपंचबाई. नाईतं घरी जेवाले भेटाचं नाई मले." बायका खदखदून हसल्या, आणि त्या हसण्याच्या आडोशाने वनिता येऊन बसली. अर्धीच, खुर्चीच्या कडेला. पदर तसाच. नजर पाण्याच्या ग्लासवर. मला काय म्हणून हाक मारायची, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. भासऱ्याला हाक मारायची सवयच नाही.

"खातेदार," ती म्हणाली.

सभा पुन्हा हसली. ती थांबली नाही. "खातेदार, धुरा सोडता का?"

"सोडतो, सरपंचबाई."

"निंबासकट?"

आता कोणी हसलं नाही. मला बाबांचे हात दिसले, जुडीला दोरा गुंडाळणारे. ती त्यांची सून होती. हे विचारताना तिलाही तेच हात दिसत असणार, कारण शेवटी ते हात तिनेच धुतले होते.

"निंबासकट," मी म्हणालो.

ती नामदेवकाकांकडे वळली. आवाज मोकळा झाला होता. "काका, भासऱ्यानं सोडला. तुमी?"

पांदण मंजूर झाली. कमान पुढच्या वर्षावर गेली. विलास दोन दिवस माझ्याशी तोंडापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी स्वतःच मोजणीसाठी दोरी घेऊन निघाला आणि मला म्हणाला, "चाल, तुले मोजाची हौस हाय ना!" शिक्का कोणाच्या खिशात असतो हे मी विचारलं नाही. सभेच्या त्या संध्याकाळीसुद्धा घरात रीत जशीच्या तशी होती. मी पाटावर बसलो आणि दारातून आवाज आला, "धनश्री, मोठेबाबाले विचार, पोया वाढू का?" ठेचा थोडा जास्त होता.

परत आल्यावर मी बा हायला सगळं खरं सांगितलं. हुकूम नाही देत, अजून नाही, पण एकदा विचारलं, आणि मला उत्तर द्यावं लागलं. तिने हातातली कॉफी गाळली. मग तिने बोटाने गल्ली दाखवली. ही गल्ली रुंद केली तेव्हा प्रत्येक घराने अंगणाची पट्टी दिली होती. सरकार आणि लोक मिळून करू, असं भोंग्यावर सांगत होते. "मिळून म्हणजे पट्टी आमची," ती म्हणाली आणि हसली. "पण रस्ता चांगला झाला."

बाबांचा पुलगाव स्टेशनवरचा प्रश्न अजून माझ्याकडे आहे. वावर जनतेचं आणि गिरणी मालकाची, हे कसं जमवतात? आता एवढंच सांगता येईल की आपणही जमवतो. ग्रामसभा सगळ्यांची आणि शिक्का खिशात. फरक सगळीकडे असतो. तो मोजायचाच नाही असं जिथे ठरतं, तिथे मला भीती वाटते. आणि आपल्या देशातलं मला सगळ्यात प्रिय काय असेल, तर नामदेवकाकांना भर सभेत टोमणा मारता येतो, आणि त्यांच्यावर तो उलटवताही येतो.

मागच्या आठवड्यात घरून व्हिडिओ कॉल आला. धनश्री पांदण दाखवत होती. मुरूम पडला होता, दाबला होता, आणि भाजीचा टेम्पो पार आमच्या वावरापर्यंत आला होता. नकाशात वाट सरळ आहे. ती मंजूर झाली तेव्हा मी स्वतः रेघ पाहिली होती. फोनमध्ये मात्र ती एका जागी वळत होती, टेम्पो हळू होऊन बाजूने निघत होता, आणि मध्ये निंब उभा होता.

"अरे, हा कसा काय राह्यला?" मी विचारलं. "नकाशात तं नाई."

फोन हलला. धनश्रीच्या हातातून कोणीतरी घेतला. पडद्यावर पदराचा काठ आणि थोडं आकाश दिसलं, चेहरा नाही. पण बोलणं भिंतीशी नव्हतं.

"खातेदार, नकाशा मी पाह्यला. रस्ता जराक वाकवला. तुमी आले म्हंजे बसाले सावली पायजे."